सर्वपित्रीचं पान

"पुरावा हाय का तुझ्याकडं? कागद दाखव, नाव टाकतो."

माझ्या चुलतभावाने हे मला मारुतीच्या सभामंडपात, गावातल्या वीस-पंचवीस माणसांसमोर विचारलं आणि विचारून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता चहाच्या कपाकडे बघत बसला. माणसं हसली. मोठ्याने नाही, पण हसली. मी सदुसष्ट वर्षांची बाई आहे, रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेते, आणि त्या दिवशी त्या गोळीचा काडीचा उपयोग झाला नाही.

देवळालीच्या छावणीला लागून आमचं मूळ गाव. गावातून जे जे सैन्यात गेले त्यांची नावं कोरून वेशीजवळ एक दगड उभा करायचा असं ठरलं, आणि समितीचा अध्यक्ष अर्थातच माझा चुलतभाऊ झाला. तो ऐंशीच्या घरात आहे, दोन वेळा सरपंच होता, आणि गावात त्याच्याशिवाय एखादी समिती झाली तर त्याला अन्न गोड लागत नाही. यादी मोबाइलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. पहिलंच नाव माझ्या मधल्या काकांचं, त्यापुढे 'शहीद' असा शब्द. खाली आणखी बरीच नावं. माझ्या वडिलांचं नाव नव्हतं.

घरातली माणसं आधी सांगते. तीन भाऊ, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. थोरले म्हणजे या चुलतभावाचे वडील. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. मधले दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेले आणि परत आलेच नाहीत. धाकटे माझे वडील, आप्पा. आप्पा मूळ गावात राहत नव्हते. सिन्नरकडे त्यांच्या मामाचं गाव, तिथे मामाने दिलेल्या तुकड्यावर ते मेथी, कोथिंबीर आणि झेंडू पिकवायचे. माझा जन्म तिथला. मूळ गावातला मळा, विहीर, बांधावरची चिंच, सगळं मोठ्या बाबांकडे होतं. असं का, हे आमच्यात कोणी विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर आईने पाठीत धपाटा घातला.

लढाईत आप्पाही होते. नुसते होते असं नाही, कैदेत होते. ते याबद्दल फार बोलायचे नाहीत, पण जे बोलायचे ते दर वेळी तेच आणि तसंच असायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. वाळवंटात एका सकाळी सगळ्या तुकडीने हात वर केले. मग जहाजाचा तळ, मग इटलीतल्या दोन छावण्या, मग रेल्वेच्या डब्यात उभ्याने जर्मनीत. तिथे बर्फ आणि लाकडी तळाचे बूट. हिंदी कैद्यांना पार्सलं यायची, त्यात डाळ आणि मसाले असायचे. मसाल्यातले मेथीचे दाणे आप्पांनी वेचून काढले, रिकाम्या डब्यांत माती भरून पेरले आणि तारेच्या आत मेथी काढली. जुड्या बांधायला सुतळी नव्हती म्हणून फाटक्या मोज्याचा धागा वापरला. आम्ही माळी, दोन पानं उगवली की जुडी बांधायला हात शिवशिवतात.

चुलतभावाचं म्हणणं, हे सगळं आप्पांनी रचलेलं. "तुझा बाप सिन्नरला भाजी लावत व्हता. लढाईला गेला तो आमचा मधला काका. त्याच्या गोष्टी ऐकून तुझा बाप सांगू राहिला व्हता."

"जो परत आलाच नाही त्याच्या गोष्टी कोणी ऐकल्या?" मी विचारलं.

त्यावर त्याने पुरावा मागितला.

खरी अडचण अशी की माझ्याकडे खरोखर काही नव्हतं. ना बिल्ला, ना पगाराचं पुस्तक, ना एखादं पत्र. सैनिक म्हणून कुठे अर्ज करा असं म्हटलं की आप्पा उठून मळ्यात निघून जायचे. माझं लग्न झाल्यावर मी एकदा फारच हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "माझं नाव त्यांच्याकडं नाही." मला वाटलं, म्हातारा चिडून बोलतोय. पुढे ते गेले आणि मी तो विषय सोडून दिला. सभामंडपातल्या त्या हसण्याने तो पुन्हा उकरून काढला.

आणखी एक आठवण इथेच सांगून टाकते, कारण ती मला आयुष्यभर टोचली आहे. आप्पा मूळ गावी दिवाळीला जात नसत, लग्नाकार्याला जात नसत. जायचे ते वर्षातून एकाच दिवशी, सर्वपित्री अमावास्येला. मधले काका कधी गेले त्याची तिथी ठाऊक नाही, म्हणून मोठे बाबा त्या दिवशी त्यांचं पान वाढायचे. मी नऊ वर्षांची असताना आप्पा मला बरोबर घेऊन गेले. आम्ही अंगणातच उभे राहिलो. या म्हणून कोणी म्हणालं नाही आणि आप्पाही पुढे झाले नाहीत. मोठे बाबा बाहेर आले, घास पडवीच्या कौलावर ठेवला आणि मधल्या काकांच्या नावाने हाका मारायला लागले. आप्पा डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, त्यांना उन्हाने झोप आली.

कावळा येईना. मग आप्पा शांतपणे पुढे गेले, कौलावरचा वडा उचलला आणि खाल्ला. पितरांचा घास! मोठे बाबा पांढरेफटक पडले. दारात उभ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आप्पा म्हणाले, "वडा कच्चा राहिलाय," आणि माझा हात धरून चालू लागले. वाटेत लाजेने माझे कान तापले होते. माझा बाप मेलेल्याच्या तोंडचं खातो, हे मी वर्गात कोणाला कळू नये म्हणून कितीतरी दिवस जपलं, आणि त्यानंतर त्यांच्याबरोबर त्या गावी कधीच गेले नाही.

तर पुरावा. चुलतभावाला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा तो विसरला होता. मी जन्मभर सरकारी अभिलेखागारात काम केलं आहे. आम्ही त्याला रेकॉर्ड रूम म्हणतो. 'सापडत नाही' असं मी स्वतः शेकडो लोकांना सांगितलं आहे आणि त्यातल्या निम्म्या वेळा मी शोधलेलंही नव्हतं. तेव्हा या खेळात मला कोणी शिकवू नये.

आप्पांच्या पलटणीचं नाव मला माहीत होतं. त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला मी अर्ज केला. उत्तर आलं, या नावाची नोंद आढळत नाही. माहितीच्या अधिकारात केला. तेच उत्तर, फक्त शिक्का वेगळा. परदेशातल्या एका संस्थेकडे युद्धकैद्यांची कार्डं जपून ठेवलेली आहेत असं कळलं. त्यांना भाच्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. त्यांनी मोठ्या अदबीने नाही म्हणून कळवलं. मी नाशिकला इंदिरानगरच्या माझ्या दोन खोल्यांत शाळेतला जगाचा नकाशा भिंतीला लावला आणि आप्पांनी सांगितलेल्या छावण्यांवर पेन्सिलीने खुणा करत बसले. सून म्हणाली, "आई, आता पुरे करा ना." मी तिला म्हणाले, तू तुझं बघ. हे मी बरं केलं नाही, पण तेव्हा मला कोणाचंच बरं बघायचं नव्हतं.

मग दिल्लीला गेले. लढायांची जुनी कागदपत्रं ठेवलेली एक सरकारी वाचनखोली तिथे आहे. सकाळी जायचं, ओळखपत्र दाखवायचं, यादीतून फाइल मागायची आणि दुपारपर्यंत वाट बघायची. छावण्यांची तपासणी करायला मधूनमधून तटस्थ देशांची माणसं यायची, त्यांच्या अहवालांच्या प्रती तिथे होत्या. किती खाटा, किती घोंगड्या, पाणी कसं, संडास कसे. तिसऱ्या दिवशी जर्मनीतल्या एका छावणीचा अहवाल हातात आला. त्यात शेवटी एक ओळ होती: हिंदी कैद्यांपैकी एकजण, धंद्याने माळी, रिकाम्या डब्यांमध्ये कसलीशी हिरवी भाजी पिकवतो आणि ती इतरांना छोट्या जुड्या बांधून देतो.

मी त्या टेबलाशी रडले नाही. मी पुन्हा पुन्हा ती ओळ वाचली आणि मनातल्या मनात चुलतभावाला शिव्या दिल्या.

परत आल्यावर त्या ओळीची प्रत घेऊन तडक गावी गेले. त्याने चष्मा लावून ती वाचली, म्हणजे नातवाकडून अर्थ सांगून घेतला, आणि परत दिली.

"नाव कुठं हे ह्यात?"

"माळी आहे, मेथी आहे, जुड्या आहेत. आणखी काय हवं?"

"नाव पाहिजे बाई. दगडावर नाव कोरायचंय, मेथी नाय कोरायची."

सभामंडपात पुन्हा तेच हसू पसरलं. त्या क्षणी मी ठरवलं की नाव काढीन तर काढीन, नाहीतर त्या दगडावर शेण फासून येईन.

अभिलेखागारात आमची एक पद्धत असते. हरवलेला कागद त्याच्या स्वतःच्या नावाने मिळाला नाही, तर शेजाऱ्यावरून शोधायचा. त्याच्या आधी कोणता कागद आवक वहीत चढला, नंतर कोणता चढला, ते बघितलं की मधली जागा आपोआप उघडी पडते. मी विचार केला, एका घरातले दोन भाऊ भरती झाले असतील तर बहुतेक एकाच दिवशी झाले असणार, म्हणजे नंबरही मागेपुढे. आप्पांचं नाव लागत नाही तर मधल्या काकांचं काढू. ते शहीद आहेत, त्यांची नोंद असणारच. मग त्यांच्या शेजारी उभा असलेला माझा बाप कुठे पळून जातो ते बघू.

रेकॉर्ड ऑफिसात या वेळी मी स्वतः गेले. तिथला हवालदार आधीच्या अर्जांमुळे माझ्यावर वैतागलेला होता. "मॅडम, नाव नाही म्हणजे माणूस नाही," तो म्हणाला. मी म्हणाले, "आज दुसरा माणूस शोधा," आणि मधल्या काकांचं नाव, गाव, वडिलांचं नाव लिहून चिठ्ठी पुढे सरकवली. अर्ध्या तासात तो परत आला, हातात पिवळी पडलेली जाडसर फाइल.

शहीद माणसाची फाइल इतकी जाड नसते. मला तिथेच काहीतरी खटकलं.

पहिला कागद भरतीचा. उंची, छाती, धंदा माळीकाम. ओळखीची खूण: डाव्या कानाची पाळी फाटलेली. मी तो शब्द वाचला आणि माझा हात माझ्याच कानाकडे गेला. आप्पांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून त्या दोन तुकड्यांत बोट घालायची आणि ते मान हलवून म्हणायचे, "बैलानं बाळी ओढली."

पुढचा कागद कैदेचा. वाळवंट. इटली, एक. इटली, दोन. जर्मनी. मी भिंतीवर केलेल्या खुणा एकेक करून तिथे टाइप केलेल्या होत्या. त्याखाली लिहिलेलं: सुटका, मायदेशी रवानगी, देवळाली येथील छावणी. देवळाली! तिथून आमच्या मळ्यातली चिंच दिसते. मधले काका मेले नव्हते. ते देवळालीपर्यंत आले होते, आणि त्यांचा कान माझ्या बापाचा होता.

त्यानंतरचं पान मी अजून कोणाला पूर्ण वाचून दाखवलेलं नाही. आधी बेपत्ता म्हणून लागलेलं नाव, त्यात कागद गहाळ झालेले, म्हणून या माणसाची ओळख पटवायला छावणीने घरच्यांना बोलावलं होतं. थोरला भाऊ आला. त्याला तारेबाहेरून माणूस दाखवला. त्याने सांगितलं, हा माझा भाऊ नव्हे. माझा भाऊ मेला आहे आणि त्याचं क्रियाकर्म आम्ही त्र्यंबकेश्वरी केलेलं आहे. खाली अंगठा. मोठ्या बाबांचा. शाई अजून काळी होती.

त्याच्यामागे आणखी एक कागद. पलटणीतल्या दोन सोबत्यांनी ओळख पटवली, कैद्याला मोकळं केलं. कुठे जाणार या रकान्यात सिन्नर तालुक्यातल्या मामाच्या गावाचं नाव.

हवालदाराने पाणी आणून दिलं. तो काहीतरी बरं बोलत होता. मला फक्त राग येत होता. मोठ्या बाबांचा, चुलतभावाचा, गावाचा, धपाटा घालणाऱ्या माझ्या आईचा, आणि आप्पांचाही. एवढं सगळं पोटात घेऊन हा माणूस झेंडू तोडत बसला. मला, स्वतःच्या लेकीला, सांगितलं नाही.

राहिला प्रश्न नावाचा. त्यासाठी त्र्यंबकेश्वरला गेले. आमच्या गावाच्या उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या लांबट वह्या आहेत. कोण आलं, कशासाठी आलं, घरात कोण कोण आहे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सध्याचे गुरुजी तिशीतले आहेत, मोबाइलवर दक्षिणा घेतात, पण वही त्यांनी सोवळ्यात असल्यासारखी उघडली. पहिली नोंद मोठ्या बाबांची: धाकटा भाऊ लढाईत बेपत्ता, पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केलं. गुरुजींनी तिथी पाहिली आणि जीभ चावली. "ताई, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. यांना एक वर्षसुद्धा धीर निघाला नाही."

धाकटा भाऊ, असं तिथे लिहिलेलं होतं. तिसरा भाऊ वहीत कुठेच नव्हता. म्हणजे भाऊ दोनच होते, मधला तोच धाकटा.

दुसरी नोंद चार पानांनी पुढे. ती आप्पांच्या मामाच्या हातची. गुरुजींनी ती हळूहळू वाचून दाखवली. ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परत आला तर त्याला तसाच घरात घेता येत नाही. त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपाने न्हाऊ घालायचं, आईच्या पुढ्यात बसवायचं, कान टोचायचे आणि बारसं करून नवं नाव ठेवायचं. जुनं नाव मेलेल्याचं, ते पुन्हा उच्चारायचं नाही. वहीत आईचं नाव होतं, बाळाचं नवं नाव होतं. बाळ त्या वेळी पंचवीस वर्षांचं होतं आणि तीन देशांच्या छावण्यांतून आलं होतं.

ते नवं नाव म्हणजे मी सगळ्या अर्जांवर लिहिलेलं नाव. सैन्याच्या कागदांत ते कुठून सापडणार होतं? माझं नाव त्यांच्याकडं नाही, हे आप्पांनी मला सरळ सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

सर्वपित्री अमावास्येला मी मूळ गावी गेले. मुद्दाम तोच दिवस धरला. पिशवीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या, समितीच्या प्रत्येक सभासदासाठी एकेक संच. दगड कोरून तयार होता, नवरात्र झालं की तो उभा करायचा होता. चुलतभाऊ ओट्यावर पाटावर बसला होता. आतून वडे तळल्याचा वास येत होता. मी आप्पांसारखी अंगणात उभी राहिले नाही. सरळ ओट्यावर चढले आणि अंगठ्याचं पान त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ओळखतोस का दादा? तुझ्या बापाचा आहे."

त्याने चष्मा शोधला नाही. कागदाला हातही लावला नाही. "मला ठाऊक हे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"समदं. म्हातारा मरायच्या आधी बोलला मला."

म्हणजे सभामंडपात चहाच्या कपाकडे बघत हा माणूस माझ्याकडे पुरावा मागत होता आणि पुरावा त्याच्या पोटात होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. सुना बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या.

मी दमल्यावर तो म्हणाला, "ऐकून घे. ज्याचं क्रियाकर्म झालं त्याला पुन्यांदा जन्म द्यायच्या आत भाऊ म्हनलं तर घरातलं लेकरू जातं, असं कोनी तरी म्हाताऱ्याच्या डोक्यात भरवलं व्हतं. तवा मी पाळण्यात व्हतो. तापानं फणफणलो व्हतो. त्यानं भाऊ सोडला आन्‌ मला धरलं. तू असती तर काय केलं असतं?"

हे मला ठाऊक नव्हतं, आणि ऐकून क्षणभर माझा राग ओसरला हे खरं आहे. पण क्षणभरच. "तुझा ताप किती दिवस होता?" मी विचारलं. "आठ दिवस? पंधरा? मग उतरला ना? त्र्यंबकला जन्मही झाला, बारसंही झालं. त्यानंतर चाळीस वर्षं होती. एक दिवस अंगणात येऊन 'घरात चल' म्हणायला काय झालं होतं? मळा वाटून द्यावा लागला असता म्हणून?"

तो पाटाची कड चाचपू लागला.

"आणि पान कशाला वाढत राहिलात? माणूस जिवंत आहे हे ठाऊक असून?"

"बंद केलं असतं तर लोकांनी इचारलं असतं. आन्‌ तुझा बाप दर वर्षी येऊन उभा राहायचा. म्हातारा म्हनायचा, ह्यो माझी जिरवायला येतो. मग म्हाताऱ्यालाबी चेव चढायचा."

मीही तेच समजत होते. कागद पाहिल्यापासून माझी खात्रीच होती: आप्पा सूड घ्यायला जात होते. मला ते आवडलंही होतं.

मग मी मुद्द्यावर आले. दगडावर आप्पांचं नाव कोरायचं, जे नाव घेऊन ते जगले ते. आणि 'शहीद' हा शब्द काढून टाकायचा. नाही तर हे कागद आज संध्याकाळी सगळ्या गावात वाटले जातील.

"नाव त्याचंच हे ना दगडावर?" तो म्हणाला. "पहिलंच हे. आनखी काय पाहिजे? शहीद काढलं तर लोक म्हनतील, जिता व्हता तर गेला कुठं?"

"तेच मला लोकांनी विचारायला हवं आहे."

तेवढ्यात धाकटी सून पान घेऊन बाहेर आली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार. तिला आमच्या भांडणापेक्षा कावळ्याची वेळ महत्त्वाची होती. चुलतभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठला. पडवीला आता कौलं नाहीत, पत्रा आहे. त्याने घास पत्र्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि सवयीने हाक मारली. नाव घेऊन. मग पुन्हा. तिसऱ्यांदा जरा लांबवून, मळ्यात काम करणाऱ्या माणसाला जेवायला बोलवावं तशी.

ते नाव इतक्या मोठ्याने उच्चारलेलं मी नऊ वर्षांची असताना ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच. आप्पांच्या आईने ते ठेवलं होतं. त्र्यंबकच्या त्या बारशानंतर तिलाही ते तोंडावर आणायची बंदी होती. मामा, बायको, मुलगी, सिन्नरच्या बाजारातले व्यापारी, कोणीही आप्पांना त्या नावाने हाक मारली नाही. जगात एकच घर होतं आणि वर्षात एकच दिवस होता, जेव्हा त्यांचा सख्खा भाऊ त्यांना त्यांच्या नावाने हाक मारायचा. डोळे मिटून उभे होते ते. मी त्यांचा हात धरून शेजारी उभी होते आणि मला वाटलं होतं, उन्हाने झोप आली.

कावळा आला नव्हता. मी पुढे झाले, पत्र्यावरचा वडा उचलला आणि खाल्ला. सून ओरडली. चुलतभाऊ भिंतीला टेकला. वडा गरम होता, डोळ्यांत पाणी आलं तरी मी तो पूर्ण खाल्ला.

"दगडावर हेच नाव राहू दे," मी म्हणाले. "दुसरं नको. फक्त शहीद घासून काढ, आणि माझ्यासमोर काढ. काढलं नाहीस तर कागद वाटते, हे लक्षात ठेव."

मी पिशवी उचलली, पायरी उतरले आणि अंगणातून वळून त्याला सांगितलं, "पुढच्या वर्षी मी येणार आहे. हाक मोठ्यानं मार."